छोट्या व्यापाऱ्यांचे संघटन आणि अनुदान : वालचंदनगरच्या बाजारपेठेसमोरील प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांच्या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत होय. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकलेला ऊस आणि त्याच्या आधाराने उभे राहिलेले कारखाने यांमुळे येथे वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर बाजारपेठही वाढली. कामगारांचा पगार व शेतकऱ्यांचे ऊसबिल यांवर अशा गावातील किराणा दुकानदार, भाजीविक्रेते व फेरीवाले यांचा व्यवहार अवलंबून असतो. पगार लांबला की उधारीची वही फुगते आणि तो भार प्रत्येक दुकानदाराला एकट्यानेच सोसावा लागतो. म्हणूनच संघटनेची गरज निर्माण होते.

संघटनेचा खर्च कोणी करावयाचा?

भाजी विकणाऱ्या महिलेने एक दिवस सभेला जावयाचे म्हणजे त्या दिवसाच्या विक्रीवर पाणी सोडणे होय. सभासदांची नोंद, हिशेब, बँकेतील हेलपाटे या कामांनाही पैसा लागतो. ही अडचण ओळखून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (२०१३) शहरी गरिबांच्या संघटनासाठी निधीची तरतूद करण्यात आली. स्वयंसेवी संस्थांना ‘संसाधन संस्था’ म्हणून नेमून, बचतगट बांधणे व त्यास दोन वर्षे मार्गदर्शन करणे यासाठी प्रत्येक गटामागे कमाल १०,००० रुपये देण्याची सोय होती. नोंदणीकृत वस्तीस्तर संघास ५०,००० रुपयांचा फिरता निधी मिळत असे. पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र घटक होता. हे अभियान २०२४ मध्ये संपले. तथापि संघटन हेही अनुदानास पात्र असे काम आहे, हे तत्त्व त्याने रुजविले.

कायद्याचा आधार

पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून द्यावयाचे असतात व त्यांपैकी एक तृतीयांश महिला असणे आवश्यक आहे. स्वयंसेवी व लोकसंस्थांना किमान १० टक्के स्थान असून व्यापारी संघटनांचे प्रतिनिधीही समितीवर घेतले जातात. बारामती व इंदापूर येथे नगरपरिषदा असल्याने तेथील विक्रेत्यांना हा मार्ग उपलब्ध आहे. वालचंदनगरला नगरपरिषद नाही. परिणामी, शहरासारखी बाजारपेठ असूनही येथील विक्रेता शहरी योजनांच्या कक्षेबाहेर राहतो.

ही उणीव काही अंशी भरून निघण्याची चिन्हे आहेत. पंतप्रधान स्वनिधी योजनेस ऑगस्ट २०२५ मध्ये ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ देताना, जनगणनेत शहर म्हणून नोंदलेल्या गावांकडे व शहरालगतच्या भागांकडे ती टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले. कर्जाचे तीन हप्ते आता १५,०००, २५,००० व ५०,००० रुपये असे आहेत. मात्र हे व्यक्तीस मिळणारे कर्ज आहे. संघटनेस मिळणारे अनुदान नव्हे. ग्रामीण भागातील महिला विक्रेत्यांसाठी ‘उमेद’ अभियानातील बचतगट व ग्रामसंघ हा आज अधिक जवळचा मार्ग आहे. बाजाराचे ओटे, पाणी व स्वच्छतागृह यांची मागणी ग्रामसभेमार्फत गावाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करता येते.

पूर्वतयारी

अनुदान मागणारी संस्था कायदेशीररीत्या नोंदलेली असावी लागते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये किमान सात व्यक्ती एकत्र येऊन नोंदणी करू शकतात. केवळ सभासदांचा नफा हा हेतू असल्यास सार्वजनिक निधी मिळणे कठीण. म्हणून उद्दिष्टे लोकोपयोगी असावीत. लेखापरीक्षित हिशेब ठेवणे आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत सादर करणे बंधनकारक असते. अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीवाचून विकता येत नाही.

सभासदांची यादी, सभांचे इतिवृत्त व चोख जमाखर्च या तीन वह्या आजपासून ठेवणाऱ्या संघटनेस योजना दाराशी येईल तेव्हा धावपळ करावी लागणार नाही. अनुदान संघटनेला बळ देते. परंतु संघटना उभी करण्याचा पहिला निर्णय व्यापाऱ्यांनी स्वतःच घ्यावयाचा आहे.