मुखातील व्रण आणि ऊतिरचना : तीन आठवड्यांच्या मर्यादेचा अर्थ

मुखपाक, गालाच्या आतील फोड, जिभेच्या कडेचा व्रण या तक्रारी प्रत्येक चिकित्सालयात नित्याच्याच आहेत. त्यांतील बहुसंख्य व्रण अल्पावधीत भरून येतात. किंबहुना म्हणूनच न भरणारा एखादा व्रण त्या गर्दीत हरवून जातो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तंबाखू-चुना, मावा, खर्रा, मिश्री व सुपारी यांचे सेवन थांबलेले नाही. अशा प्रदेशात मुखातील व्रणाकडे केवळ पित्तप्रकोपाचे लक्षण म्हणून पाहणे धोक्याचे आहे. पेशी व ऊती यांच्या रचनेचे ज्ञान रुग्णाच्या मुखपरीक्षणात कसे उपयोगी पडते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आठ व्रणवस्तू आणि सूक्ष्मदर्शक

सुश्रुताचार्यांनी त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ व मर्म अशी व्रणाची आठ अधिष्ठाने सांगितली. व्रण कोणत्या थरात आहे, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला. ऊतिविज्ञानही हाच प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली विचारते. मात्र धातू म्हणजेच ऊती असे सरसकट समीकरण मांडू नये, असे आमचे मत आहे. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा वेगळ्या आहेत. प्रश्न मात्र समान आहे.

गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेचा वरचा थर स्तरित पट्टकी अभिस्तर ऊतीचा असतो. त्याखाली आधारपटल, त्याखाली रक्तवाहिन्या व कोलॅजन तंतू असलेली संयोजी ऊती आणि त्याही खाली मांसपेशी अशी मांडणी असते. अभिस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी विभाजित होतात, वर सरकतात व शेवटी गळून पडतात. गालाच्या आत हे चक्र सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होते.

हिरड्या व कठीण टाळू यांवर चर्वणाचा दाब येतो. म्हणून तेथील अभिस्तरावर केरॅटिनचे कठीण आवरण असते. गाल, ओठांची आतील बाजू व जिभेखालचा भाग यांवर ते नसते. हा भेद निदानास थेट उपयोगी आहे. वारंवार येणारे सामान्य फोड बहुधा केरॅटिनरहित भागातच येतात. याउलट हर्पिसचे मुखात पुन्हा पुन्हा उठणारे फोड सामान्यतः हिरडी व कठीण टाळूवर दिसतात. व्रणाचे स्थान नोंदविल्याशिवाय चिकित्सा लिहू नये, ते याचसाठी.

मर्यादा तीनच आठवड्यांची का?

व्रण म्हणजे अभिस्तराचा खंड. तो भरताना कडेच्या तळपेशी विभाजित होऊन व्रणतलावर सरकत येतात. कारण दूर झाले असेल आणि पेशींचे नवनिर्माण सुमारे दोन आठवड्यांचे असेल, तर साधा व्रण तेवढ्या काळात भरलाच पाहिजे. सामान्य फोड ७ ते १४ दिवसांत व्रणवस्तू न ठेवता भरतात. टोकदार दाताने झालेला व्रण दात घासून गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत स्पष्ट सुधारतो. तिसरा आठवडा संपूनही व्रण तसाच असेल, तर कारण कायम आहे किंवा पेशींची वाढच बिघडली आहे. मोठ्या आकाराचे काही फोड यापेक्षा अधिक काळ टिकतात हे खरे. पण हा अपवाद नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही.

कडा, रंग व स्पर्श

भरत्या व्रणाची कड उतरती असते, कारण नवा पातळ अभिस्तर आत सरकत असतो. कर्करोगात पेशींची वाढ अनावर झाल्याने कड उंचावते व बाहेर वळते. आधारपटल भेदून पेशी खालच्या ऊतीत शिरल्या आणि भोवती तंतू वाढले, की बोटाला कठीणपणा लागतो. म्हणून हातमोजा घालून व्रण चाचपून पाहणे अत्यावश्यक आहे. आरंभी वेदना नसते, हे विशेष ध्यानात ठेवावे. वेदनेचा अभाव हे शुभलक्षण मानू नये.

केरॅटिन वाढले की डाग पांढरा दिसतो. तो पुसला जात नाही. कँडिडा बुरशीचा पांढरा थर मात्र बहुधा पुसून निघतो. अभिस्तर पातळ झाला की खालच्या रक्तवाहिन्या दिसून डाग लाल भासतो. दुसरे कारण न सापडणारा मखमली लाल डाग पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा समजावा.

दोन नमुने

समजा, तंबाखू खाणाऱ्या पन्नाशीतील गृहस्थांच्या जिभेच्या कडेला पाच आठवड्यांचा, वेदनारहित, कठीण कडेचा व्रण आहे. गंडूष, प्रतिसारण, खदिरादि वटी यांनी थोडे बरे वाटते, असे ते सांगतात. वाटणे व भरणे यांत अंतर आहे. येथे औषध बदलण्यापूर्वी तुकड्याची तपासणी, म्हणजे बायॉप्सी, करवून घ्यावी.

दुसरा नमुना सुपारी खाणाऱ्या तरुणाचा. तिखटाने तोंड भाजते, गाल पांढुरका व ताठ झाला आहे, उभी तीन बोटे तोंडात जात नाहीत. सुपारीतील अरेकोलीन संयोजी ऊतीतील तंतुजनक पेशींना उत्तेजित करते, तर सुपारीतील तांब्यामुळे कोलॅजनचे तंतू परस्परांत घट्ट बांधणारे विकर वाढते. हे बांधलेले तंतू सहजी विरघळत नाहीत. म्हणून सुपारी कायमची बंद करणे ही पहिली चिकित्सा होय. स्नेहगंडूष व मुख उघडण्याचा व्यायाम यांनी आराम पडू शकतो. तथापि वरचा अभिस्तर पातळ झालेला असल्याने कर्करोगाचा धोका उरतो व नियमित तपासणी आवश्यक ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये, तंबाखूविनाही, सुपारीस मानवातील कर्करोगकारक ठरविले आहे.

अहवाल कसा वाचावा

तुकडा विकृत भागातून, शक्यतो कडेची निरोगी ऊती घेऊन काढला जातो आणि लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. साधे पाणी किंवा सलाईन चालत नाही. अहवालात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, डिस्प्लासिया, म्हणजे पेशींची मांडणी व केंद्रके बिघडणे, आहे का व किती. दुसरी, आधारपटल अखंड आहे का. तिसरी, ते भेदले असल्यास पेशी किती खोल शिरल्या. २०१८ पासून वापरात आलेल्या टप्पे-पद्धतीत ५ व १० मिलिमीटर खोलीच्या सीमांना स्वतंत्र महत्त्व आहे. अहवाल निर्दोष येऊनही व्रण भरत नसेल, तर तपासणी पुन्हा करावी. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत रुग्णाच्या मनातून काढणे हे आपलेच काम आहे.

औषधालयचालकांस विनंती

असा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी औषधालयात येतो. तोंडातील फोडासाठी तीच मलमाची नळी तिसऱ्यांदा मागणाऱ्यास किती दिवस झाले, एवढे अवश्य विचारावे. बधिरता आणणाऱ्या मलमाने वेदना लपते, व्रण भरत नाही. तीन आठवडे उलटले असल्यास नळी न देता दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ज्ञ वा कर्करोग रुग्णालयाकडे जाण्यास सांगावे.

वैद्यबंधु-भगिनींनी प्रत्येक मुखव्रणाची स्थान, आकार, कड, स्पर्श व आरंभाची तारीख यांसह नोंद ठेवावी आणि दोन आठवड्यांनी रुग्णास आवर्जून बोलवावे. पाठविलेला रुग्ण पथ्य, पोषण व बलरक्षणासाठी आपल्याकडे परत येतोच. आधारपटल भेदण्यापूर्वी ओळखलेला विकार मर्यादित शस्त्रकर्माने काढून टाकता येतो. भेदल्यानंतर जबडा, वाणी व प्राण यांची किंमत मोजावी लागण्याचा संभव असतो. तो काळ वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.