‘फाडफाड’ इंग्रजीच्या पुढचे इंग्रजी

पिंपरी, प्रतिनिधी : हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला, तेव्हापासून या परिसराची ओळख औद्योगिक पट्टा अशीच राहिली आहे. पर्यटन हा शब्द येथे फारसा कुणी उच्चारत नाही. मात्र २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही पिंपरीहून चाकणला गेली आणि २०२४ च्या आरंभी तळेगावातील जनरल मोटर्सचा जुना कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला. कारखान्यांपाठोपाठ जर्मन, कोरियन, जपानी अभियंते आले. त्यांच्यासाठी चिंचवड-चाकणमध्ये आंतरराष्ट्रीय साखळ्यांची हॉटेले आली, भाड्याच्या गाड्या आल्या, आणि रविवारी त्यांना लेणी-किल्ले दाखवण्याचे कामही आले. कामासाठी आलेला पाहुणा हाही पर्यटकच. त्याच्या खर्चावर अनेकांचे पगार निघतात.

या व्यवसायात मराठी माध्यमातून शिकलेला स्थानिक तरुण स्वयंपाकघरात किंवा खोल्यांच्या देखभालीत लवकर रुजतो. स्वागतकक्ष, मेजवान्यांची विक्री, सहलींचे नियोजन येथे मात्र भाषा आडवी येते. मग घरचे पैसे जमवून ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चा वर्ग लावला जातो. येथे थोडे गणित करावे. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवल्या. ए-१ ही पहिली आणि सी-२ ही शेवटची. त्यांपैकी पाचवी, सी-१, म्हणजे भाषा व्यवसायात लवचिकपणे वापरता येणे आणि बोलणाऱ्याचा गर्भितार्थही ओळखता येणे. केंब्रिजच्या परीक्षा संस्थेच्या अंदाजानुसार बी-२ पर्यंत पोहोचण्यास एकूण ५०० ते ६००, तर सी-१ पर्यंत ७०० ते ८०० तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते. रोज एक तास धरला तर तीस दिवसांच्या वर्गात तीसच तास होतात. त्यात संकोच कमी होतो, हा लाभ लहान नव्हे. पण त्याला प्रगत इंग्रजी म्हणता येणार नाही.

शिवाय, वर्गात शिकवले जाते ते लंडनचे किंवा अमेरिकेचे इंग्रजी. चाकणच्या पाहुण्याचे इंग्रजी बहुधा त्याचीही दुसरी भाषा असते. ब्रिटिश माणूस ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा त्याला साडेआठ अभिप्रेत असतात. जर्मन भाषेत मात्र ‘हाल्ब आख्ट’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे आठ’, याचा अर्थ साडेसात. जर्मन पाहुण्याने सवयीने ‘हाफ एट’ला गाडी मागितली आणि स्वागतकक्षाने साडेआठ लिहून घेतले, तर सकाळची बैठक हुकलीच. येथे व्याकरण कामी येत नाही. ‘सेव्हन थर्टी, सर?’ असे आकड्यांत विचारून घेणे, हेच खरे कौशल्य. ‘इव्हेंच्युअली’ हा शब्दही असाच फसवा आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘अखेरीस’. जर्मनमधील त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’. ‘इव्हेंच्युअली आणखी चार खोल्या लागतील’ हे वाक्य आरक्षण समजावे की शक्यता, हे पुन्हा विचारूनच ठरवावे.

कोरियन आणि जपानी पाहुण्यांच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. ‘साखर नको ना?’ या प्रश्नाला आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे ‘हो, नको’. कोरियन आणि जपानी भाषांचीही रीत हीच. इंग्रजीत मात्र अशा वेळी ‘नो’ म्हणावे लागते. त्यामुळे मराठी वाढपी आणि कोरियन पाहुणा यांचे इंग्रजीत चुकूनही बरोबर जमते, आणि पुढच्या टेबलावरच्या इंग्रजी पाहुण्याशी नेमके बिनसते. यावर उपाय सोपा आहे : नकारार्थी प्रश्नच विचारू नये.

सर्वांत अवघड भाग सौजन्याचा. मराठीत ‘बसा’, ‘सही करा’ या आज्ञाच आहेत. पण त्यांतील आदरार्थी रूप आदर सांभाळते. इंग्रजी आज्ञार्थात ती सोय नाही. ‘साइन हिअर’ हे मनात कितीही नम्र असले तरी कानाला हुकूम वाटते, आणि पुढे ‘प्लीज’ लावल्याने तो प्रत्येक वेळी मवाळ होतोच असे नाही. तेथे ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ ही रूपे तोंडात बसावी लागतात. खोली तयार नसेल तर ‘नॉट पॉसिबल’ म्हणून थांबण्याऐवजी ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरुवात करून लगेच पर्याय सुचवावा लागतो. (यात कोणी कोणाला घाबरलेले नसते.) ‘हॉटेलच्या बॅकसाइडला’ हा आपल्याकडचा सर्रास प्रयोग तर तातडीने सोडावा, परदेशी कानाला त्याचा अर्थ शरीराच्या मागल्या भागाशी जोडलेला वाटतो.

आपला मुलूख परभाषेत उलगडून सांगणे हे आणखी वरच्या दर्जाचे काम. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांपैकी लोहगड आणि शिवनेरी या पट्ट्यातून एका दिवसात पाहून परतता येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी खांब दान केल्याचे शिलालेख आहेत. स्वतःला यवन म्हणवणारे हे दाते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे होते, हे परदेशी पाहुण्याला त्या खांबापाशी सांगता आले तर तो थबकतो. पण त्यासाठी ‘चैत्य’ हा शब्द न टाळता एका ओळीत समजावता आला पाहिजे. वारीचेही तसेच. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते; त्या काळात वाहतूक वळवली जाते आणि पाहुण्याची गाडी अडकते. ‘रोड क्लोज्ड, फेस्टिव्हल’ एवढेच सांगितले की तो वैतागतो. पालखीत संताच्या पादुका आहेत, संत सतराव्या शतकातील कवी होते आणि हे लोक पंढरपूरपर्यंत पायी जाणार आहेत, ही तीन वाक्ये नीट सांगितली की तोच पाहुणा कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरण्याची शक्यता अधिक.

परीक्षांचे म्हणाल, तर परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस लागते. कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीसाठी टोइक ही परीक्षा १९७९ मध्ये जपानच्या मागणीवरून सुरू झाली. कोरियन आणि जपानी कंपन्यांना तिचे गुण परिचयाचे असतात. तिच्या ऐकणे-वाचणे विभागात ९९० पैकी ७८५ गुण म्हणजे साधारण बी-२, तर ९४५ म्हणजे सी-१. प्रवासी जहाजांवरील नोकरीसाठी अनेकदा मार्लिन्सची चाचणी घेतली जाते. स्थानिक हॉटेले मात्र प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीतील पाच मिनिटांचे बोलणेच बहुधा अधिक पाहतात.

वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी म्हणूनच काही प्रश्न थेट विचारावेत. एकूण तास किती, तुकडीत विद्यार्थी किती, जर्मन-कोरियन धाटणीचे इंग्रजी ऐकवले जाते का, आणि पाहुण्याच्या तक्रारीला उत्तर देण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घेतला जातो की फळ्यावरची वाक्ये उतरवून घेतली जातात. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनी लोहगडाची माहिती दोन मिनिटे इंग्रजीत बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, दुसऱ्या दिवशी ऐकावी आणि अडखळलेल्या जागा तेवढ्या पुन्हा बोलाव्यात.