पळीभर तेल आणि लीलावती

दहावीच्या मुलानं गणिताचं चांगलं पुस्तक मागितलं की हिंगोलीत काय किंवा पुण्यात काय, बहुधा त्याच्या हातात अपेक्षित प्रश्नसंच पडतो. परीक्षेपुरतं ते ठीकच. पण परीक्षेत न येणारं गणित वाचायची हौस असेल तर कुठून सुरुवात करायची? मराठी मुलखात या प्रश्नाचं एक लेखी उत्तर १२०७ सालचं आहे आणि ते दगडात कोरलेलं आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला, भवानीच्या देवळात हा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची वार्ता अभ्यासकांपर्यंत पोचवली. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादून छापला. लेख कोरवणारा चांगदेव. ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडणारा योगी तो हा नव्हे. हा भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ स्थापला आणि तिथला मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, यानं त्याला दान दिलं. श्रावणी पौर्णिमा होती, चंद्रग्रहण होतं. दानाला याहून चांगला मुहूर्त ज्योतिष्याला तरी कुठला मिळणार?

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे. वंशावळ, बिरुदं, स्तुती असा सगळा थाट आहे. शेवटी मात्र एकदम मराठी सुरू होते, कारण तिथे पैशाचा विषय येतो आणि तो तेल्याला, व्यापाऱ्याला, मापाऱ्याला कळायला हवा. गावात जितके घाणे असतील त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल. धान्य मोजायचं ते मठाच्या मापानं, आणि मापणावळीतली निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजारावर नेमका कसा बसवायचा, याचा हा हिशेब आहे. ‘मुलांनी वाचावीत अशी पुस्तकं’ म्हणून याद्या पुष्कळ निघतात. पुस्तक नेमून देतानाच दिव्याच्या तेलाचीही सोय लावणारी यादी विरळाच.

एवढं असून लोकांना ठाऊक असते ती दुसरीच गोष्ट. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, म्हणून बापानं ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या अंकगणिताच्या ग्रंथाला तिचं नाव दिलं. ही कथा येते फैजीच्या फार्सी भाषांतराच्या प्रस्तावनेत. ते भाषांतर अकबराच्या हुकमानं १५८७ साली झालं, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पाटण्याच्या लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्या आहेत, त्यात लीलावती नाही. अर्थात अशा वंशावळीत मुलींना जागा नसे, त्यामुळे ती नव्हतीच असंही त्यावरून ठरत नाही. पण पुरावा नसलेली मुलगी घरोघर पोचली आणि दगडावर नाव असलेला नातू मागे राहिला, हे मात्र खटकतं.

हिंगोलीकडे तर मधल्या काळात या परंपरेचा धागाच तुटला. औंढा नागनाथाचं देऊळ यादवकाळातलं मानलं जातं, म्हणजे पाटण्याचा मठ आणि हे देऊळ एकाच राजवटीची. पण सातशे वर्षांनी, निजामाच्या राज्यात, वरच्या वर्गांचं माध्यम होतं उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दूत सुरू झालं आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकं तयार करायला आदल्या वर्षीच भाषांतराचं खातं उघडलं होतं. काम मोठंच होतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र घरी मराठी बोलणारं पोर बीजगणित उर्दूत शिके. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर हे चित्र बदललं.

आज याच जिल्ह्यातल्या मुलाला ‘लीलावती’ द्यायची तर पहिल्या पानापासून देऊ नये. सुरुवातीला वजनं, मापं, नाणी यांची कोष्टकं आहेत. मुलगा तिथेच पुस्तक मिटेल. उघडावं ते शेवटचं प्रकरण, अंकपाश. तिथे भास्कराचार्य विचारतात की दशभुज शंकराच्या हातांतली पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ वगैरे दहा आयुधं आपसांत बदलली तर मूर्तीचे प्रकार किती? उत्तर ३६,२८,८००. लगेच दुसरा प्रश्न हरीच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्माचा. उत्तर २४. केशव, नारायण, माधव ही संध्येतली चोवीस नावं आणि मूर्तिशास्त्रातल्या विष्णूच्या चोवीस मूर्ती याच अदलाबदलीतून ओळखल्या जातात. ज्या जिल्ह्यात नागनाथ आहे आणि नामदेवांचं नरसीही आहे, तिथल्या वर्गात क्रमपर्याय शिकवायला आणखी कुठलं उदाहरण शोधायचं?

इंग्रजीत ‘लीलावती’ आली ती मुंबईत. कंपनी सरकारचे डॉक्टर जॉन टेलर यांचं भाषांतर १८१६ साली इथेच छापलं गेलं, कोलब्रुक यांच्या गाजलेल्या आवृत्तीच्या एक वर्ष आधी. मराठीत हाती घ्यावं ते ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’. पटवर्धन, नईमपल्ली आणि सिंग यांची २००१ सालची इंग्रजी आवृत्ती त्याच्याच आधारानं झाली. एरवी इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या वाटेवरचा हा उलटा प्रवास.

एक उणीव मात्र आधीच सांगून ठेवावी. ‘लीलावती’त रीत मिळते, उदाहरण मिळतं, ‘असं का?’ याचं उत्तर सहसा मिळत नाही. ते काम १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत केलं. त्यांनी नियमांच्या उपपत्ती दिल्या. चुणचुणीत मुलगी तिसऱ्याच दिवशी ‘पण हे खरं कशावरून?’ म्हणून विचारणार, तेव्हा शिक्षकाच्या टेबलावर ही दुसरी पोथीही असलेली बरी.