गोल शेडची कमान तुटत नाही, मुरडते. पत्रे चढवण्याआधी ताकद अशी तपासा

किन्हवली : पोल्ट्री असो, पॉलीहाऊस असो की पेंढा ठेवायची वखार, पाइप वाकवून गोल छताची शेड उभारणं शहापूर-मुरबाडकडे आता नवीन राहिलेलं नाही. काम ठरवताना सगळी घासाघीस किलोच्या दरावर होते. फार तर पाइप किती जाड, एवढं विचारलं जातं. पण ही कमान किती वजनाला मुरडेल, हे विचारायचं राहून जातं.

बांबूची बारीक काठी उभी धरून वरून दाबून बघा. काठी चिरडत नाही, मधेच बाक येऊन बाजूला जाते. यालाच इंजिनिअर 'बकलिंग' म्हणतात. ऑयलर या गणितज्ञाने 1744 मध्ये याचा हिशोब मांडला. लांबी दुप्पट केली की तीच काठी चौथा हिस्साच वजन पेलते. कमानीचं गणित याहून कडक आहे. पाइप तोच ठेवून अर्धगोल कमानीची रुंदी 20 फुटांवरून 40 फूट केली, तर प्रत्येक फुटावर झेपणारा दाब आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे 'शेजाऱ्याने हाच पाइप वापरलाय' या बोलण्याला अर्थ नाही. त्याची शेड किती रुंद आहे ते आधी बघा.

पाइप निवडताना जाडीपेक्षा व्यास जास्त कामाचा. जाडी दुप्पट केली तर कडकपणा साधारण दुप्पट होतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर तो जवळपास आठपट होतो. अर्थात अगदीच पातळ पाइप घेऊ नये, तो चेपतो आणि गंजून लवकर खलास होतो.

मुरडताना कमान सरळ खाली बसत नाही. एक खांदा खाली जातो, दुसरा वर येतो आणि माथा बाजूला सरकतो. तपासणीत लक्ष ठेवायचं ते याच सरकण्यावर. पत्रे चढवण्याआधी शेजारच्या कमानींना आडव्या पाइपांनी जोडलेली एक कमान निवडा. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर वाळूच्या पिशव्या टांगा. माथ्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. वजन थोडं थोडं वाढवत प्रत्येक वेळी ओळंबा किती सरकला ते लिहून ठेवा. खाली कोणी उभं राहू नये, टेकू लावलेले असावेत, आणि हे काम जाणकार इंजिनिअरच्या देखरेखीतच व्हावं.

समजा, 100 किलोला माथा 5 मिलिमीटर सरकला, 200 ला 13 आणि 300 ला 30. वजन सारखंच वाढतंय, पण सरकणं झपाट्याने वाढतंय. इथेच थांबायचं. आता सरकण्याला वजनाने भागा: 5 भागिले 100 म्हणजे 0.05, 30 भागिले 300 म्हणजे 0.10. दोन्हींतला फरक 0.05. सरकण्यातला फरक 25. 25 ला 0.05 ने भागलं की येतात 500. म्हणजे ही कमान 500 किलोच्या आसपास मुरडेल, आणि हे कळलं ते ती न मोडता. साउथवेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1932 मध्ये ही युक्ती दिली. प्रयोगशाळेत पिशव्यांऐवजी जॅक आणि बारीक मोजणारी घड्याळं असतात, हिशोब हाच. पिशव्या काढल्यावर ओळंबा मूळ खुणेवर परत आला नाही, तर पाइप कायमचा वाकला असं समजा.

500 आले म्हणून 500 चा भार टाकायचा नसतो. वारा एकाच बाजूने ढकलतो, वेल्डिंगमध्ये थोडा बाक राहतोच. म्हणून त्याच्या बऱ्याच खाली राहायचं, किती ते इंजिनिअर ठरवतो. वाऱ्याचा भार ठरवताना भारतीय मानकात मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर आणि नाशिकसाठी 39 मीटर हा मूळ वेग धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 आणि 140 किलोमीटर. किन्हवली या दोन शहरांच्या मधे येते.

एप्रिल 2024 मध्ये मुंबईचा कोस्टल रोड वरळीच्या सी लिंकला जोडणारी 136 मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची पोलादी कमान समुद्रात बसवली, ते अनेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. अशा पुलावर दोन कमानींच्या मधे वरून आडवे हात असतात. ते शोभेला नसतात, कमानी बाजूला मुरडू नयेत म्हणून असतात. आपल्या शेडमध्ये तेच काम आडवे पाइप आणि टोकाच्या गाळ्यातले तिरके आधार करतात. खर्च कमी करायचा म्हणून सगळ्यात आधी गळतात ते हेच तिरके आधार. कोटेशनमध्ये ते वेगळे लिहून घ्या. आणि दर पावसाळ्याआधी पायथ्याशी, जिथे पाइप काँक्रीटमध्ये शिरतो, तिथला गंज खरवडून बघा.