आधी रोगट झाड उपटा, मग निंबोळी अर्क फवारा

आज केळीवरच्या माव्याबद्दल आणि आमच्या गटाच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलू.

आम्ही रावेर तालुक्यात गटाने केळी लावली होती. रोपं दीड-दोन महिन्यांची असताना चार झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. तो हरण्या रोग होता. रोपाला पैसे मोजलेले, उपटायला जीव होईना. म्हणून त्या झाडांवर आम्ही तीनदा निंबोळी अर्क मारला. झाडं सुधारली तर नाहीतच, शेजारच्या ओळींतही पट्टे दिसू लागले. शेवटी चारच्या जागी चार ओळी उपटल्या.

चूक अर्काची नव्हती. हरण्या हा विषाणूचा रोग. लागलेलं झाड कोणत्याच औषधाने बरं होत नाही, ना झाडपाल्याच्या, ना दुकानातल्या. मावा रोगट झाडाचा रस शोषतो आणि निरोगी झाडावर जाऊन बसतो, तसा रोग पसरतो. अर्काने मावा कमी होतो, पण रोगाचं घर बागेत उभंच ठेवलं तर काय उपयोग? म्हणून रोगट झाड आधी कंदासकट उपटा, पोत्यात भरून बागेबाहेर न्या आणि जाळा किंवा पुरा. बागेतून ओढत नेऊ नका.

मग फवारणी. १५ लिटरच्या एका पंपाला पाऊण किलो वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटा. दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. त्यात ३० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला, म्हणजे अर्क पानाला चिकटतो. पाणी घालून १५ लिटर करा.

अर्क त्याच दिवशी वापरा. उन्हात त्याची ताकद जाते, म्हणून दुपारी चारनंतर फवारा. मावा पोंग्यात, पानांच्या बेचक्यात आणि पानाखाली लपतो, तिथे अर्क पोचला पाहिजे. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिथे मावा नक्की शोधा, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात. अर्काने किडी लगेच पटापट मरत नाहीत. त्यांचं खाणं आणि वाढ थांबते, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा.

बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगी लावू नका. दोन पैसे जास्त मिळतील असं वाटतं, पण हाच विषाणू त्यांच्यावरही राहतो. तणही काढत राहा.

झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका. फवारताना नाका-तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहू नका, नंतर हातपाय धुवा. तंबाखूचा काढा तर करूच नका. तो अंगात भिनून विषबाधा होते.

पावसाच्या तोंडाशी निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. तेव्हाच वेचा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा आणि गोणपाटात भरून ठेवा. बुरशी आलेल्या किंवा गेल्या वर्षीच्या निंबोळ्यांचा अर्क पांचट होतो.

आता आमच्या गटात दर आठवड्याला दोघी जणी ओळीनं बाग फिरतात. पट्टे दिसले की त्याच दिवशी झाड बाहेर. वाईट वाटतं, पण एका झाडाच्या मायेपायी चार ओळी घालवण्यापेक्षा ते बरं. तुमच्या बागेतून या आठवड्यात नक्की एक फेरी मारा.