अंमली पदार्थविषयक विशेष न्यायालये
अंमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांचे खटले त्वरेने निकालात निघावेत, या हेतूने भारतात स्थापन करण्यात आलेली फौजदारी न्यायालये. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. या न्यायालयांची तरतूद त्यात १९८९ मध्ये अंतर्भूत झाली. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने शासन तेथे सत्र वा अतिरिक्त सत्र न्यायाधीशाची नेमणूक करते. तीन वर्षांहून अधिक कारावासास पात्र असलेले गुन्हे या न्यायालयापुढे चालतात. आरोपीस दंडाधिकाऱ्याने सुपूर्द करण्याची आवश्यकता नसते. पोलीस अहवालावरून किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून न्यायालय थेट दखल घेते. अन्य बाबतींत सत्र न्यायालयाची सर्वसाधारण प्रक्रिया लागू होते.

पदार्थाच्या प्रमाणानुसार शिक्षा ठरविण्याची पद्धत २००१ मध्ये आली. हेरॉइन २५० ग्रॅ. किंवा गांजा २० किग्रॅ. यांहून अधिक असल्यास ते व्यापारी प्रमाण होय. अशा प्रकरणी तपास अपूर्ण असताना आरोपीस कोठडीत ठेवण्याची कमाल मुदत नेहमीच्या ६० वा ९० दिवसांऐवजी १८० दिवस असते व सरकारी अभियोक्त्याच्या सकारण अहवालावरून ती एक वर्षापर्यंत वाढविता येते. अभियोक्त्याने विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही व जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, असे मानण्यास वाजवी आधार असल्याची न्यायालयाची खात्री पटल्याविना जामीन मिळत नाही. आरोपीचा दोषी मनोभाव गृहीत धरला जातो. तो नव्हता, हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

या कठोरतेमुळे झडती व जप्तीच्या नियमांना विशेष महत्त्व येते. अंगझडती राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर घेतली जावी, हा आरोपीचा हक्क असून त्याची जाणीव त्याला देणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेवसिंग खटल्यात ठरविले. २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात या नियमाचे काटेकोर पालन आवश्यक मानण्यात आले. तपास अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब दोषसिद्धीसाठी ग्राह्य नाही, असा निर्णय तोफानसिंग खटल्यात २०२० मध्ये झाला.

शीघ्र निकाल हा या न्यायालयांचा मूळ हेतू होय. तो सफल न झाल्यास जामिनाचे निर्बंध आरोपीला निकालापूर्वीच शिक्षेसारखे ठरतात. म्हणूनच खटल्यातील अवाजवी विलंब हाही जामिनाचा आधार होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.