हानलेचं लाल आकाश फोटोशॉपचं नाही

"डोळ्यांना काही दिसलं नाही आणि फोटोत आकाश लाल? मग फोटोशॉपच!" १० मे २०२४च्या रात्री लडाखमधल्या हानलेहून टिपलेल्या ध्रुवीय प्रकाशाबद्दल हे अजून ऐकावं लागतं, तेही दुर्बिणी बाळगणाऱ्यांकडून. त्या रात्रीचं भूचुंबकीय वादळ २००३नंतरचं सर्वांत तीव्र होतं आणि ही लाली भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने नोंदवली आहे. आणखी कोणता पुरावा हवा?

डोळ्यांना ती दिसत नाही, हे खरंच आहे. अंधारात आपण दृष्टिपटलातल्या दंडपेशींच्या भरवशावर पाहतो. त्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि लाल प्रकाश तर जवळपास जाणवतच नाही. हानलेचा प्रकाश नेमका तोच, ऑक्सिजन अणूंचा, ६३० नॅनोमीटरचा. कॅमेरा दहा-पंधरा सेकंद प्रकाश साठवत राहतो. डोळ्याला सेकंदभरही ते जमत नाही. फोटोत लाली गडद होते, पण ती आकाशातूनच आलेली असते.

मग लालच का, हिरवा का नाही? हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, लाल २०० किलोमीटरच्या वर. पृथ्वीच्या गोलाईमुळे १०० किलोमीटर उंचीवरचं काही जेमतेम अकराशे किलोमीटरवरून दिसतं, ४०० किलोमीटर उंचीवरचं सव्वादोन हजारांवरून. हानले ३३ अक्षांशाच्या आसपास आहे. एवढ्या दक्षिणेला उंचावरची लालीच पोहोचते. तेव्हा लडाखच्या नावाने कुणी हिरवे नाचते पडदे पाठवले, तर संशय तिथे जरूर घ्या.

थंडीचा या लालीशी संबंध नाही. अलास्कातल्या हार्प या आयनावरण-संशोधन प्रकल्पाचाही नाही. ३६६४ क्रमांकाच्या सौरडागांच्या समूहातून झालेल्या स्फोटांनी ते वादळ आलं. अशी लाली टिपायला महागडा कॅमेराही लागत नाही. ट्रायपॉड, अंधारं उत्तर क्षितिज, ताऱ्यावर हाताने साधलेला फोकस, आयएसओ १६०० ते ३२००, एवढं पुरतं.

आणि "अशी वादळं आपल्यापर्यंत येतच नाहीत" म्हणणाऱ्या मुंबईकरांनी कुलाबा वेधशाळेची नोंद पाहावी. सप्टेंबर १८५९च्या महावादळात तिथल्या चुंबकमापकांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही मुंबईच्याच त्या आकड्यांकडे वळतात.